टपालांतून चाललेला संसार

महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांत नवराबायकोनें दिवसाउजेडीं एकमेकांशीं बोलणें हा अविनय समजला जाई, तो काळ फार जुना नाहीं. जुन्या वाड्यांची रचनाच त्या समजुतीला धरून झालेली दिसते. पुरुषांचा वावर ओटीवर आणि दिवाणखान्यांत; बायकांचा माजघरांत, स्वयंपाकघरांत आणि परसांत. या दोन मुलुखांच्या सीमेवर एक उंबरठा असे, आणि तो ओलांडून जाणारे शब्द बहुधा एखाद्या लहान मुलाच्या तोंडीं घातलेले असत. "त्यांना सांग, पानें मांडलीं आहेत," असें सासूच्या देखत सून आपल्या मुलाला म्हणे. आणि 'त्यांना' म्हणजे चार हातांवर उभे असलेले आपले वडील, हें मुलालाहि न सांगतां कळे.

नवऱ्याचें नांव घेणें तर निषिद्धच. त्याची मोकळीक एका उखाण्यापुरती; आणि तो उखाणाहि चारचौघींनीं आग्रह केल्यावर, यमक जुळवून, सर्वांच्या समोर म्हणावयाचा. म्हणजे नांव घेतलें जाई तें लोकांना ऐकविण्यासाठीं, ज्याचें नांव त्याला हांक मारण्यासाठीं नव्हे. नवऱ्याशीं प्रत्यक्ष बोलावयाचें झाल्यास 'तुम्ही' हा शब्ददेखील धीट वाटे. त्याऐवजीं 'इकडे', 'इकडची स्वारी' असे आडवाटेचे शब्द होते. "इकडून जेवायला बसणें व्हावें," या वाक्यांत बोलणारी नाहीं, ऐकणारा नाहीं, आणि व्याकरणदृष्ट्या कर्ता म्हणावा असाहि कोणी नाहीं. भावे प्रयोगाच्या धड्याला याहून घरगुती उदाहरण मिळणें कठीण!

या भाषेंत माया नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. आजारी नवऱ्याची काळजी, परगांवीं गेलेल्याची वाट पाहणें, आवडीचा पदार्थ आठवणीनें पानांत वाढणें, हें सारें त्या आडवळणी शब्दांतूनहि पोंचत असे. कदाचित् आजच्यापेक्षां अधिक नाजूकपणें पोंचत असे. पण एक गोष्ट त्या भाषेंत सांगतां येत नसे, ती म्हणजे तक्रार. "इकडून मला दुःख झालें," असें म्हणण्याची सोय त्या व्याकरणांत नव्हती. सुनेची तक्रार जात्यावरच्या ओवींत जाई, माहेरीं आईच्या कानांत जाई, देवळांत मैत्रिणीजवळ जाई. जिच्याविषयीं ती असे त्या सासूपर्यंत ती कधीं कधीं उलट फिरून येई. ज्याच्याविषयीं असे त्या नवऱ्यापर्यंत मात्र बहुधा पोंचत नसे.

ही कोंडी फुटण्यास आरंभ झाला तो धूळपाटी आणि पुस्तक यांच्या निमित्तानें. १८७३ सालच्या डिसेंबरांत महादेव गोविंद रानडे यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हां त्यांचें वय ३१ वर्षांचें आणि रमाबाईंचें अवघें ११ वर्षांचें होतें. रमाबाईंनीं पुढें १९१० सालीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीचा प्रसंग आला आहे. रानड्यांनीं त्या मुलीला विचारलें तें हें कीं, आपण कोण आणि आपलें नांव काय, हें तिला माहीत आहे काय. आणि तें नांव तिच्याकडून म्हणवून घेतलें. मग लिहितांवाचतां येतें काय, अशी चौकशी केली आणि तेथेंच अक्षरें गिरविण्यास प्रारंभ झाला. जें नांव जन्मभर उच्चारावयाचें नाहीं असें शिकवून तिला सासरीं पाठविलेलें असणार, तेंच तिचा पहिला धडा ठरलें. सुधारकांच्या मोठमोठ्या सभांचें वर्णन इतिहासांत पुष्कळ आहे. परंतु हा माडीवरचा लहानसा प्रसंग त्यांतील कित्येक सभांहून मोठा होता.

अभ्यास ही नवराबायकोनें एकत्र बसण्याची सबब झाली. घरांतील वडीलधाऱ्या बायकांना ती मुळींच रुचली नाहीं, आणि त्याचा जाच रमाबाईंनीं वर्षानुवर्षें सोसला. त्यांतलें पुष्कळसें त्यांनीं पतीच्या कानांवर घातलेंच नाहीं. इकडे रानडे रागावले म्हणजे बोलत नसत, आणि त्या न बोलण्याची शिक्षा किती कडक होती, हेंहि आठवणींत आलें आहे. पाठ एकत्र होत, पण मनांतलें दुःख दोघेंहि आपापल्या पोटांत ठेवीत. धडा वाचणें आणि मन उघडें करणें यांत अजून बरेंच अंतर होतें.

तें अंतर कांहीं अंशीं तुटलें तें दुसऱ्याच एका संसारांत, आणि तेंहि नवराबायकोमध्यें हजारों कोसांचा समुद्र आल्यानंतर. तो संसार गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी यांचा.

गोपाळराव जोशी टपालखात्यांत नोकरीस होते. पुढच्या हकीकतींत टपालाचें जें काम आहे तें पाहतां, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बिजवर, वयानें बरेच मोठे, स्वभावानें तिरसट, आणि स्त्रीशिक्षणाच्या वेडानें झपाटलेले असे हे गृहस्थ. कल्याणच्या यमुनेशीं त्यांचें लग्न झालें १८७४ सालीं, तिच्या नवव्या वर्षीं. लग्नांत तिचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्यांमागून बदल्या होत गेल्या आणि त्या मुलीचा अभ्यास गांवोगांव चालूं राहिला. १८७८ सालीं तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. तिचें वय तेव्हां पुरतें चौदाहि नव्हतें. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वांचता, ही गोष्ट तिच्या मनांत राहिली, आणि डॉक्टर होण्याच्या निश्चयाचें मूळ तेथें आहे असें तिचे चरित्रकार मानतात.

गोपाळरावांच्या शिकविण्याची रीत कशी होती? इतर घरांत पोरगी स्वयंपाक सोडून पुस्तक घेऊन बसली म्हणून मार खाई. या घरांत पुस्तक सोडून चुलीपाशीं बसली म्हणून खाई. कारण उलटें होतें, मार तोच होता. गुरु आणि नवरा एकच असला म्हणजे तक्रार न्यावयाची कोणाकडे? गुरूविषयीं नवऱ्याजवळ बोलतां येत नाहीं आणि नवऱ्याविषयीं गुरूजवळ बोलतां येत नाहीं. शाळेंतल्या पोराला संध्याकाळीं घर तरी असतें. आनंदीबाईंना शाळा आणि घर एकच होतें.

अशा स्थितींत त्यांना पहिली मोकळी बोलणी करावयास मिळालीं तीं एका न पाहिलेल्या परदेशी बाईशीं. कोल्हापुरास असतां गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेंतील शिक्षणाची सोय होईल काय, असें विचारलें होतें. ख्रिस्ती झाल्यास पाहूं, अशा अर्थाचें उत्तर आलें, आणि तो पत्रव्यवहार तेथील एका मासिकांत छापला गेला. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल या गांवच्या थिओडीशिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस तें जुनें मासिक पडलें. ती बाई हळहळली आणि तिनें आपण होऊन पत्र लिहिलें. पुढें तीन वर्षें या दोघींचीं पत्रें जात-येत राहिलीं. आनंदीबाई तिला मावशी मानूं लागल्या. आपल्याकडील चालीरीती, सणवार, बालविवाह यांविषयीं त्या इंग्रजींत लिहीत. क्वचित् आपल्या चालींचा कैवारहि घेत. डोकें दुखतें, ताप येतो, असें लिहिलें तर पलीकडून औषध येई! "मला दुखतें" या साध्या वाक्याला "काय होतें?" असा साधा जाब येणें, हें त्या मुलीला नवीनच असलें पाहिजे. पत्रांत आपलें वाक्य पुरें करतां येतें, कोणी मध्येंच तोडीत नाहीं, आणि समोरचा उठून जात नाहीं, हा अनुभव तिनें तेथें घेतला. पुढें नवऱ्याला लिहितांना तो उपयोगीं पडला.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत आनंदीबाईंनीं आपण अमेरिकेस कां जातों, यावर इंग्रजींत व्याख्यान दिलें आणि हिंदु म्हणून जाईन, हिंदु म्हणूनच परत येईन, असें भरसभेंत सांगितलें. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून आगबोटींत चढल्या. गोपाळराव मागें राहिले. ज्या काळीं विवाहित ब्राह्मण स्त्री एकटी पुण्याहून मुंबईस जात नव्हती, त्या काळीं अठरा वर्षांची ही मुलगी परक्या बायकांच्या सोबतीनें समुद्रापार निघाली. जून महिन्याच्या आरंभीं ती न्यूयॉर्कला पोंचली, कार्पेंटरबाईंच्या घरीं राहिली, आणि शरद्‌ ऋतूंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाली.

आणि येथून तो विलक्षण संसार सुरू झाला, ज्याचें सारें बोलणें लखोट्यांतून होत होतें. हिंदुस्थान १८७६ सालींच आंतरराष्ट्रीय टपालसंघांत सामील झालेला असल्यामुळें सर्वसाधारण माणसालाहि परदेशीं पत्र पाठविणें शक्य झालें होतें. तरी पत्र पोंचावयास महिन्याहून अधिक लागे. आज रागाच्या भरांत लिहिलेला शब्द पलीकडे वाचला जाई तेव्हां लिहिणाऱ्याचा राग कधींच निवलेला असे. आणि त्याचें उत्तर हातीं येई तेव्हां आपण काय लिहिलें होतें, हेंहि आठवावें लागे. ही दिरंगाई एका परीनें छळणारी होती. दुसऱ्या परीनें तिनें एक फार मोठें काम केलें: तिनें हात आवरला. लखोट्यांतून शब्द फेंकतां येतो, खुर्ची फेंकतां येत नाहीं.

गोपाळरावांचा स्वभाव समुद्रानें पालटला नव्हता. पत्नीला त्यांनींच धाडली, आणि ती गेल्यावर तीच हातांतून निसटेल, ही धास्ती त्यांनाच लागली. तिच्या पोषाखाविषयीं, वागण्याविषयीं, ती बदलली काय याविषयीं त्यांच्या पत्रांतून संशय आणि बोचक शब्द जात. इकडे ती शाकाहार संभाळीत होती, थंडीनें आणि खोलींतल्या शेगडीच्या धुरानें बेजार होत होती, कडाक्याच्या थंडींत नऊवारी नेसणें निभेना म्हणून गुजराथी पद्धतीनें लुगडें नेसूं लागली होती. परक्या देशांत आपलें हिंदुपण जपण्याची जी शिकस्त ती करीत होती, तिच्यावर पहिला अविश्वास दाखविला तो तिच्याच माणसानें.

अशाच एका पत्राला तिनें दिलेलें उत्तर उपलब्ध आहे, आणि मराठी स्त्रीच्या हातून उतरलेल्या एकोणिसाव्या शतकांतील मजकुरांत त्याचें स्थान फार वरचें आहे. आपल्याशीं झालेलें वर्तन बरें होतें कीं वाईट, हा प्रश्न ती स्वतःच पुढें मांडते. मग पुरावा देते: दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं मारलें, बाराव्या वर्षीं खुर्च्या आणि पुस्तकें अंगावर फेंकलीं आणि टाकून देण्याची धमकी दिली, चौदाव्या वर्षीं आणखी चमत्कारिक शिक्षा केल्या. वयें आणि गोष्टी एकापुढें एक, जशा एखाद्या रोग्याच्या कागदावर नोंदाव्या तशा. रडणें नाहीं, शाप नाहीं, अलंकार नाहींत. आणि निवाडा काय देते? ती म्हणते, दोन्ही. अंतिम हेतूकडे पाहतां तें योग्य होतें असें वाटतें; पण लहान मुलाच्या मनावर त्याचे काय परिणाम होऊं शकतात हें पाहतां, न्यायानें बोलावयाचें तर तें चूक होतें. शिवाय हिंदु बायकोला नवऱ्यापुढें ब्र काढण्याचा वा त्याला सल्ला देण्याचा अधिकार नाहीं, त्याला हवें तें करूं द्यावें आणि आपण गप्प बसावें एवढाच काय तो तिचा हक्क, असाहि एक चिमटा ती घेते.

हें पत्र वाचतांना पुष्कळांचें लक्ष मारहाणीच्या तपशिलाकडे जातें, आणि गोपाळरावांविषयीं संताप येतो. तो यथार्थच आहे. परंतु त्या पत्राचें खरें मोल 'दोन्ही' या एका शब्दांत आहे. ज्यानें मारलें त्यानेंच शिकविलें, आणि ज्यानें शिकविलें त्यालाच आज त्या शिक्षणाच्या बळावर चूक दाखवितां येत आहे, ही कोंडी तिनें चुकविली नाहीं. उपकार आठवून तक्रार गिळावी, हा एक सोपा मार्ग होता. तक्रार आठवून उपकार नाकारावे, हा दुसरा. पहिला मार्ग तिच्या आईआजीनें जन्मभर चोखाळला असेल. दुसरा तिला अमेरिकेंत कोणीहि सुचविला असता. तिनें दोन्हीं टाळून हिशेबाच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर लिहिल्या आणि तो कागद ज्याचा हिशेब त्याच्याच हातीं पाठविला. आडवाटेनें नव्हे, माहेरीं नव्हे, मैत्रिणीजवळ नव्हे. 'इकडून मला दुःख झालें' हें वाक्य मराठी संसारांत उच्चारलें गेलें, तें असें.

हें तोंडावर तिला बोलतां आलें असतें काय? बहुधा नाहीं. याची साक्ष पुढच्याच घटनेंत मिळते. १८८५ सालीं गोपाळराव स्वतः अमेरिकेस जाऊन पोंचले. इतक्या दिवसांच्या ताटातुटीनंतरची भेट सुखाची व्हावी, ही कोणाचीहि अपेक्षा. पण गोपाळराव तेथें व्याख्यानें देत हिंडले, अमेरिकन समाजावर आणि ख्रिस्ती धर्मावर तोंडसुख घेऊं लागले. त्यांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश नव्हता असें नाहीं. परंतु ज्या लोकांच्या आधारानें पत्नी तेथें राहिली, त्यांच्याच देशांत हें चालल्यामुळें तिच्या स्नेह्यांना संकोच पडे आणि तिची स्थिति अवघड होई. कागदावर स्पष्ट बोलणारी आनंदीबाई समोरासमोर पुन्हां पुष्कळशी मूक झालेली दिसते. समुद्र मध्यें असतांना जी बरोबरी आली होती, ती एका छताखालीं टिकली नाहीं. संवयीचें असेंच असतें. दोन माणसें एकमेकांसमोर बसलीं कीं जुन्या जागा आपोआप धरतात. एक बोलणारा होतो, एक ऐकणारी होते.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनीं प्रबंधासाठीं घेतला होता. पदवीदानास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, आणि गोपाळरावहि होते. कोल्हापूर संस्थानानें तेथील आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागाची जागा देऊं केली होती. परंतु क्षयानें शरीर पोंखरलेलें होतें. नोव्हेंबर १८८६ मध्यें पतिपत्नी मुंबईस उतरलीं, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाला. बावीस वर्षें पुरीं व्हावयास महिनाभर उणा होता. कोल्हापूरच्या रोगिणींना त्यांचा हात लागलाच नाहीं.

या संसारावर पुढें बरेंच लिहिलें गेलें. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ सालीं निघाली आणि घरोघर वाचली गेली. अंजली कीर्तने यांचें संशोधनपूर्वक लिहिलेलें चरित्र १९९७ सालीं आलें. कादंबरीनें गोपाळराव आनंदीबाईंना लोकांच्या मनांत जिवंत ठेवलें, हें खरें; पण कादंबरींतले संवाद हे अखेर कादंबरीकाराचे. त्या दोघांचें स्वतःचें बोलणें ऐकावयाचें तर पत्रांकडेच वळावें लागतें.

तीं पत्रें राहिलीं कशीं, हीहि एक गोष्टच आहे. १८८९ सालीं काशीबाई कानिटकर यांनीं आनंदीबाईंचें मराठी चरित्र प्रसिद्ध केलें. काशीबाईंचाहि इतिहास याच जातीचा. लग्नाच्या वेळीं त्यांना अक्षरओळख नव्हती. पति गोविंदराव शिकलेले, कवितेचे शोकी, आणि आपली पत्नी आपल्याशीं वाङ्मयावर बोलूं शकत नाहीं याची खंत बाळगणारे. ती खंत कळल्यावर काशीबाई आपल्या हिंमतीनें शिकल्या आणि मराठीतल्या आरंभीच्या लेखिकांपैकीं एक झाल्या. नवऱ्याशीं बोलतां यावें म्हणून लिहावयास शिकलेली एक स्त्री, नवऱ्याशीं लिहून बोललेल्या दुसरीचें चरित्र लिहावयास बसली.

त्या चरित्रासाठीं पत्रें हवीं होतीं, आणि तीं गोपाळरावांजवळ होतीं. तिऱ्हाइतानें वाचतांच गोपाळरावांवर बोट ठेवावें, असें त्यांत पुष्कळ होतें. फाडून टाकणें कठीण नव्हतें; आनंदीबाई गेलेल्या होत्या, आणि विचारणारें दुसरें कोणी नव्हतें. ज्या माणसानें तिच्या हयातींत तिचें ऐकून घेतलें असें फारसें म्हणवत नाहीं, त्यानें तीं पत्रें जपून ठेवलीं होतीं. त्यानें तीं काशीबाईंच्या स्वाधीन केलीं. मारलेल्या लांकडांचा, फेंकलेल्या खुर्च्यांचा आणि 'दोन्ही' या उत्तराचा कागद तेवढा मागें राहिला आहे.